सीडी४ साठी आरपीए-टी४ : रोजच्या कामाला भरवशाचा, पण सगळीकडे नाही

मानवी टी-पेशींवरचं सीडी४ हे प्रथिन फ्लो सायटोमेट्रीत (रंगवलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजण्याच्या तंत्रात) पाहण्यासाठी आरपीए-टी४, एसके३ आणि ओकेटी४ हे अँटिबॉडीचे क्लोन (ठरावीक वाण) नेहमी वापरले जातात. नेहमीच्या पॅनेलसाठी (एकत्र लावायच्या अँटिबॉडींच्या संचासाठी) पसंती आरपीए-टी४ ला. टी-पेशींवर सीडी४ भरपूर असतं, त्यामुळे अँटिबॉडीला जोडलेला एफआयटीसीसारखा मंद चमकणारा रंगही पुरतो. इथे पीई हा जास्त चमकदार रंग वापरणं ही उधळपट्टी. तो विरळ रेणूंसाठी राखून ठेवावा.

१०० मायक्रोलिटर रक्तात बहुतेक उत्पादक ५ मायक्रोलिटर अँटिबॉडी सुचवतात. अंधारात, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं ठेवा, लाल पेशी फोडणारं २ मिली द्रावण घालून १० मिनिटं थांबा, ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि एकदा धुवा. सुचवलेली मात्रा मात्र डोळे झाकून घेऊ नये. दर नळीत निम्मी करत पाच-सहा नळ्या लावल्या की कळतं: आलेखात सीडी४ नसलेल्या पेशींचं (निगेटिव्ह) शिखर उजवीकडे सरकलं असेल, तर अँटिबॉडी जास्त झाली.

मंद रंगलेला दुसरा गट दिसला की दोष अँटिबॉडीच्या माथी मारला जातो. बऱ्याचदा त्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतात. त्यांच्यावरही थोडं सीडी४ असतं. म्हणून सीडी३ या टी-पेशींच्या खुणेचा गेट आधी लावा, म्हणजे फक्त टी-पेशी निवडा.

आरपीए-टी४ ची खरी अडचण एचआयव्हीच्या कामात येते. विषाणूचं जीपी१२० हे आवरणावरचं प्रथिन सीडी४ च्या ज्या भागाला चिकटतं, त्या पहिल्या डोमेनवरच (प्रथिनाच्या पहिल्या भागावरच) हा क्लोनही बसतो, म्हणून जीपी१२० लावलेल्या पेशींवर सिग्नल पडतो. तिथे तिसऱ्या डोमेनवर बसणारा ओकेटी४ घ्यावा. पण काही माणसांच्या सीडी४ मध्ये आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या जागी ट्रिप्टोफॅन असतं आणि ओकेटी४ ला बसायला जागाच उरत नाही. एकाच जनुकप्रतीत बदल असेल, तर रंग साधारण निम्मा येतो. असा नमुना आला की दुसऱ्या क्लोनने पडताळल्याशिवाय अहवाल देऊ नये.

पीएमए-आयोनोमायसिन या रसायनांनी चेतवलेल्या पेशी सीडी४ आत ओढून घेतात. तेव्हा छिद्रण केल्यावर (पेशीपटलाला छिद्रं पाडल्यावर) सायटोकाइन या पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांच्या अँटिबॉडीसोबतच सीडी४ ची अँटिबॉडी लावा; मात्र तो क्लोन फिक्स केलेल्या (रसायनाने स्थिर केलेल्या) पेशींवर चालतो का, हे आधी तपासा. आणि पीई-साय७ हा दोन रंगांचा जोडरंग लावलेल्या अँटिबॉडीची बाटली उजेडात राहू देऊ नका, गोठवू तर नकाच: जोडरंग तुटला की पीईच्या वाहिनीत खोटे पॉझिटिव्ह दिसू लागतात.