फोरॅम की नॅनोफॉसिल? क्रिटेशियस थरांचं वय काढायला काय शिकावं

एम.एस्सी. भूशास्त्राच्या प्रकल्पाची वेळ आली की चिमूर-वरोऱ्याकडची मुलं हा प्रश्न घेऊन येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सुरुवात फोरॅमिनिफेरापासून, म्हणजे फोरॅम या कवचधारी एकपेशीय सागरी जिवांपासून करा. पण त्याआधी तुमचा खडक समुद्रात साचला होता का, हे विचारा.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या वावरात डायनासोरची अश्मीभूत विष्ठा सापडते. तिथला लॅमेटा नावाचा थर क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या कालखंडाच्या, शेवटचाच, पण नदी-तळ्यात साचलेला. तिथे ही दोन्ही सागरी साधनं चालत नाहीत. ऑस्ट्राकोड (शिंपल्यासारख्या कवचाचे इवले जीव), कॅरोफाइट (गोड्या पाण्यातली शैवालं), परागकण आणि जोडीला खडकातलं चुंबकत्व यांवर भिस्त ठेवावी लागते. सागरी क्रिटेशियस हाताळायचा तर तमिळनाडूतल्या अरियालूर, कराईचे नमुने आणा.

फोरॅमचं कवच साधारण वाळूच्या कणाएवढं. मूठ-दोन मूठ चिकणमाती भिजवायची, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायची, वाळवायची आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने एकेक दाणा उचलायचा. काम वेळखाऊ आहे, मान आखडते. पण ग्लोबोट्रंकाना हा फोरॅम एकदा डोळ्यात बसला, त्याच्या कडेची धार ओळखू आली, की तो विसरत नाही. हा गट क्रिटेशियसबरोबरच संपला, त्यामुळे वरची सीमा चटकन हाती लागते. एक काळजी मात्र घ्याच: दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवा. आधीच्या नमुन्यातला दाणा जाळीत अडकलेला असेल, तर तो निळा दिसेल आणि थराचं वय चुकणार नाही.

नॅनोफॉसिल म्हणजे बहुतेक सागरी शैवालांच्या चुनखडी तबकड्या, काही मायक्रॉनच्या. नमुना चिमूटभर पुरतो. टूथपिकने घासून काचेवर पाण्याच्या थेंबात पसरवायचा, वाळवून कव्हरस्लिप लावायची, तासाभरात स्लाइड तयार. वयाची विभागणीही बारीक: सिसिंग या संशोधकाच्या 1977 च्या मांडणीत क्रिटेशियसचे 26 विभाग आहेत. अडचण यंत्राची. सुमारे हजारपट मोठं दाखवणारा, ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप लागतो आणि तालुक्याच्या कॉलेजात तो सहसा नसतो. शिवाय हे कण इतके हलके की जुन्या खडकातून झिजून नव्या थरात सहज मिसळतात. एक-दोन कण दिसले म्हणून वय ठरवू नका. दर नमुन्याला नवी टूथपिक घ्या.

डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांचे सिस्ट, म्हणजे टणक आवरणाचे कोश, चुना विरघळून गेलेल्या खडकातही टिकतात, पण त्यांना हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. हे आम्ल फार घातक, त्याच्या वाफा ओढून घेणारं योग्य कपाट (फ्यूम हूड) नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

म्हणून घराजवळ राहून शिकायचं असेल तर फोरॅम. पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, तेल-वायू विहिरींच्या कामाकडे वळायचं ठरलं, तर नॅनोफॉसिल जोडून घ्या. विहिरीतून वर येणाऱ्या चुऱ्यात नमुना थोडाच असतो, तिथे चिमूटभरात भागणं फार मोलाचं.

आणि चाळणी इथेही वाया जात नाही. नागपूरला लागूनच असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात, झिलमिलीला, दोन लाव्हा थरांमधल्या गाळात सागरी प्लवक (पाण्यात तरंगणारे) फोरॅम मिळाले. 2009 साली भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. तो गाळ क्रिटेशियस संपल्यावर लवकरच साचला, हे या इवल्या कवचांवरून ठरलं. आपल्याकडे बसाल्टच्या दरडीत मातकट पट्टा दिसला, तर तळ्याचाच असेल म्हणून सोडू नका, पिशवीभर माती आणून धुवून बघा.