डाँकी काँग खेळायचाय, पण कुठला?

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवर, ‘इतके-इन-वन’ कॅसेट खोचून डाँकी काँग खेळलेल्यांनी तो अर्धवटच पाहिलाय. त्या कॅसेटमध्ये असायची १९८३ची, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलवरची आवृत्ती. तिच्यात तीनच टप्पे. मूळ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, चार.

१९८१चा आर्केड गेम डिझायनर शिगेरु मियामोतोचा. अमेरिकेत न खपलेल्या ‘रडार स्कोप’च्या मशीन मार्गी लावायला निन्टेन्डोला त्यांत बसेल असा नवा गेम हवा होता. एक जॉयस्टिक, एक बटण. आणि ते बटण उडीचं. आदल्या वर्षीच्या ‘स्पेस पॅनिक’मध्ये मजले नि शिड्या होत्या, उडी नव्हती. पुढे मारिओ म्हणून ओळखला गेलेला या गेमचा नायक, एक सुतार, तेव्हा ‘जम्पमॅन’ होता, यातच सगळं आलं.

आर्केडची खरी मजा सुरुवातीलाच आहे. काँग हा गोरिला बाईला घेऊन वर चढतो, थयथयाट करतो आणि सरळ तुळया तिरक्या होतात. म्हणून पिंपं गडगडत खाली येतात! एक अक्षर न लिहिता गोष्ट कळते. घरगुती आवृत्तीत हे दृश्य नाही, सरकत्या पट्ट्यांचा ५० मीटरचा टप्पाही नाही. बाकी हातोडा, लिफ्ट, आठ रिव्हेट, सगळं जागच्या जागी. निन्टेन्डोची ऑनलाइन वर्गणी आधीच भरत असाल तर एका संध्याकाळपुरती तिच्यातली ही घरगुती आवृत्ती पुरे.

आर्केड मात्र निर्दयी आहे. स्वतःच्या उंचीएवढं पडलात तरी मेलात. बाविसाव्या फेरीत तर वेळेचं गणितच बिघडतं आणि काही सेकंदांत खेळ खलास. अर्थात, तुम्ही-आम्ही तिथवर पोचणार नाही.

शेवट गाठायचाच असेल, तर १९९४चा, गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलवरचा घ्या. पहिले चार टप्पे जुनेच. मग काँग पुन्हा पळतो आणि अजून ९७ टप्पे उघडतात. इथे मारिओ हातांवर उभा राहतो, कोलांट्या मारतो, किल्ली उचलून दारापर्यंत नेतो. तिघांत मला सर्वांत आवडतो तो हाच. पण पहिला खेळा आर्केडचाच, नाहीतर यातली गंमत कळायची नाही.

आर्केडचा गेम निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ मालिकेत २०१८पासून वेगळा विकत मिळतो. त्यात जपानी आवृत्ती निवडा. अमेरिकी क्रमात सरकते पट्टे थेट तिसऱ्या फेरीत येतात, आणि तोवर बहुतेकांचे जीव संपलेले असतात.