एसडीएल वापरून नऊ महिने: एक चादर, तीन पडदे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या चुलत भावाचा, दादाचा, जॅकार्ड (विणतानाच नक्षी उमटवलेल्या) चादरींचा कारखाना आहे. नक्षी मागावर चढवण्याआधी अख्खी चादर कशी दिसेल हे दाखवणारा प्रोग्रॅम मी त्याला सी++मध्ये लिहून दिला. ऑफिसात विंडोज, डिझाइन करणाऱ्या वहिनींकडे मॅकबुक, आणि मागापाशी न्यायला जुना अँड्रॉइड टॅब. कोड एकच हवा होता, म्हणून एसडीएल2 घेतलं, म्हणजे खिडकी, माउस वगैरे सगळ्या यंत्रांवर एकाच कोडनं सांभाळणारी तयार लायब्ररी. नऊ महिने ते रोज वापरात आहे.

खिडकी उघडणं, माउस, कीबोर्ड, टॅबवरचा स्पर्श, हे सगळं एसडीएलनं मनापासून सांभाळलं. तिथे मला प्रत्येक यंत्रासाठी वेगळी ओळ जवळपास लिहावीच लागली नाही. चित्र मात्र मी ओपनजीएलमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणाऱ्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमनं वापरायच्या आज्ञांच्या संचात), स्वतः काढतो, आणि खरी मेहनत तिथेच गेली.

आमची नक्षी 480 पिक्सेल रुंद. एक पिक्सेल म्हणजे एक उभा धागा. चादरीच्या रुंदीत ती सहा वेळा येते. टेक्श्चरला, म्हणजे चिपला दिलेल्या नक्षीच्या चित्राला, रिपीट (तेच चित्र पुन्हा पुन्हा उमटवणं) लावलं, विंडोज आणि मॅकवर चादर सुरेख उमटली. टॅबवर नुसता काळा चौकोन. टॅब फक्त ओपनजीएल ईएस 2.0, म्हणजे मोबाइलसाठीची आटोपशीर आवृत्ती, जाणतो, आणि त्याच्या नियमात 256, 512 असल्या दोनाच्या घातातल्या मापांनाच रिपीटची हमी आहे. नक्षी ताणून 512 केली तर धाग्यांचा हिशोबच बिघडतो, ते शक्य नव्हतं. मग शेडरमध्ये (चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) फ्रॅक्ट, म्हणजे आकड्याचा फक्त अपूर्णांक ठेवणारं फंक्शन, वापरून नक्षी पुन्हा पुन्हा फिरवली; पहिल्या नक्षीचे निर्देशांक 0 ते 1, दुसरीचे 1 ते 2, असे. पहिल्या चार नक्षी स्वच्छ आल्या, पाचवीपासून शेजारशेजारचे धागे एकमेकांत मिसळले. यावर माझे दोन रविवार गेले. कारण होतं मीडियमपी, म्हणजे शेडरमधली मध्यम अचूकता. त्यात आकड्याची बारकाई साधारण हजारात एक एवढीच मिळते, त्यामुळे 4च्या पुढे सर्वांत लहान पाऊल 1/256 होतं, आणि आम्हाला हवं 1/480. फ्रॅगमेंट शेडरमध्ये (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या शेडरमध्ये) हायपी, म्हणजे जास्त अचूकता, देण्याची सक्ती ईएस 2.0मध्ये नाही. शेवटी प्रत्येक नक्षी स्वतंत्र चौकोनात काढली, प्रत्येकीचे निर्देशांक 0 ते 1. तेव्हापासून तिन्ही पडद्यांवर धागा न् धागा जुळतो.

मॅकवरचं दुखणं लहान होतं. हायडीपीआय (दाट पिक्सेलच्या पडद्याची पूर्ण बारकाई वापरणं) चालू केल्यावर चादर डाव्या कोपऱ्यात खाली, पाव खिडकीत बसली. खिडकीचं माप आणि प्रत्यक्ष पिक्सेल तिथे वेगळे असतात. व्ह्यूपोर्टला, म्हणजे चित्र काढायच्या चौकटीला, ड्रॉएबल साइझ (प्रत्यक्ष पिक्सेलमधलं माप) दिली की झालं. ॲपलनं 2018च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून ओपनजीएल कालबाह्य ठरवलंय आणि ते 4.1 आवृत्तीवरच थांबलंय, तरी आमच्या कामाला 3.3 पुरतं. फाइलींच्या नावातली लहान-मोठी अक्षरंही सांभाळा, विंडोज चालवून घेतं, अँड्रॉइड नाही.

आता मी प्रत्येक नवा बदल आधी टॅबवर लावतो, मग बाकीच्यांवर. कोणी विचारलं तर एसडीएल घ्या असंच सांगेन, पण हातात सर्वांत कमजोर यंत्र असेल तेव्हाच सुरुवात करा.

एसडीएलची पुढची आवृत्ती एसडीएल3, तिची जीपीयू (ग्राफिक्स चिप) एपीआय मला फार आवडली. एकाच कोडखाली व्हल्कन, डायरेक्ट3डी 12 आणि मेटल, या ओपनजीएलपेक्षा नव्या ग्राफिक्स एपीआय. पण ईएस 2.0 त्यात नाही, म्हणजे मागापाशी फिरणारा तो टॅब बाद होईल. दादा नवा टॅब घेईपर्यंत मी ओपनजीएलवरच आहे.