मुंबईत चार दिवस: मुक्काम अंधेरीत, दादरला की फोर्टात?

कोल्हापूरहून मुंबई बघायला निघालेले नातेवाईक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं वेटिंग कन्फर्म होईल का. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. दुसरा, उतरायचं कुठं. त्याचं आहे, कारण आम्ही अंधेरीत एकदा, दादरला तीनदा आणि फोर्टात दोनदा राहून बघितलंय. प्रत्येक वेळी बायको आणि आई बरोबर होत्या. आईनं सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, पण बघायची हौस आमच्या दोघांपेक्षा जास्त. मुंबईत सख्खं कुणी राहत असेल आणि मनापासून बोलवत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. तिकडंच जा.

आणखी एक. हे फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. परळच्या एखाद्या रुग्णालयात काम असेल तर दादर-परळ सोडून दुसरीकडं बघूच नका, तिथं तुलना करण्यासारखं काही नाही.

अंधेरीचं लवकर आटपतो. तिथली हॉटेलं नवी, लिफ्ट चालू, बाथरूम कोरडं, आणि त्याच पैशात खोली ऐसपैस. विमानतळ जवळ. दाराशी रिक्षा मिळते, हा फायदा छोटा वाटतो पण तसा नाही. रिक्षा वांद्रे-शीवच्या अलीकडंच थांबतात, त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी. भाड्यात मोठा फरक नाही, २०२५ च्या दरानं रिक्षाचं मीटर २६ रुपयांपासून आणि टॅक्सीचं ३१ पासून, पण चौकात हात केला की थांबणारी रिक्षा आणि रस्ता ओलांडून शोधावी लागणारी टॅक्सी यात फरक आहे. एवढं असूनही, पहिल्यांदा येणारा माणूस जे बघायला येतो ते गेटवे, संग्रहालय, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटीची इमारत, हे सगळं दक्षिणेच्या टोकाला. अंधेरी ते चर्चगेट २२ किलोमीटर. चार दिवस हे जाऊन-येऊन केलं आणि पाचव्या दिवशी आईनं विचारलं, "आपण मुंबई बघितली की गाडीच बघितली?" पहाटेचं विमान असेल तर आदली रात्र अंधेरीत काढावी. त्यापलीकडं मी तरी सुचवणार नाही. जुहू आणि बोरिवलीची कान्हेरी लेणी एवढंच बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

खरा मामला दादर आणि फोर्ट यांच्यात आहे.

दादरवर माझा जीव आहे हे आधी कबूल करतो. पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की फुलबाजार, झेंडूच्या राशी आणि पायाखाली ओला पाला. रानडे रोडला बायकोची खरेदी, संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचं, रात्री शिवाजी मंदिरला नाटक. पूर्वेला गेलं की पारशी कॉलनीची झाडं, आणि चालत माटुंग्याला इडली. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे एकाच ठिकाणी मिळतात. डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे नंबर एक ते चौदा सलग झाल्यामुळं "एक नंबर म्हणजे कुठला एक नंबर" हा जुना घोळही मिटला. शिवनेरी पूर्वेला उतरवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दादरला आई परकी नसते. सकाळी आम्ही झोपेत असताना ती एकटी खाली उतरून दूध आणि पेपर घेऊन यायची, शिवाय भाजीवाल्याशी भावावरून वाद घालून यायची. अंधेरीत ती खोलीतून एकटी बाहेर पडली नव्हती.

मग बिनसलं कुठं?

दादरच्या तिसऱ्या खेपेची गोष्ट. सकाळी नऊच्या आसपास आम्ही चर्चगेटला जायला दादरच्या फलाटावर उभे. दोघी लेडीज डब्याच्या खुणेपाशी, मी थोडा पुढं. पहिली फास्ट आली, दारातली माणसं बघून आम्ही मागं सरलो. दुसरीही सोडली. तिसरीत चढलो म्हणण्यापेक्षा चढवले गेलो. चर्चगेटला आई उतरली तेव्हा चष्म्याची एक काडी तिच्या हातात होती. दिवसभर ती संग्रहालयातल्या मूर्ती एका हातानं चष्मा धरून बघत होती.

संध्याकाळी साडेसहाला परत निघालो. चर्चगेटला गाडी सुटते तिथूनच बसायला मिळालं, म्हणून दोघी खूश. मुंबई सेंट्रल गेलं तरी त्या बसूनच. शेजारच्या बाईनं हटकलं, "दादरला उतरायचंय? मग अजून बसलात काय?" उठून दोन पावलं टाकेपर्यंत दादर आलं, आणि चढणाऱ्यांच्या लोंढ्यानं दोघींना होत्या तिथंच दाबून धरलं. मी फलाटावर उतरून डबा शोधतोय तोवर गाडी हलली. दहा मिनिटांनी बायकोचा फोन. "वांद्र्याला उतरलोय. आईंना चहा पाहिजे म्हणतात."

आता मुद्दा पुढं आहे. वांद्र्याहून दादरला परत येणारी स्लो गाडी इतकी मोकळी होती, की आईनं समोरच्या बाकाखाली पाय लांब केले. खोलीवर आल्यावर तिनंच विचारलं, "ही गाडी रिकामी कशी?"

रिकामी, कारण ती उलट्या दिशेची होती. मुंबईची मोठी गर्दी सकाळी दक्षिणेकडं जाते आणि संध्याकाळी उत्तरेकडं फिरते. दादरला राहून फोर्ट-कुलाबा बघायला निघालेला पाहुणा नेमका त्याच वेळी, त्याच दिशेनं, त्याच दारातून आत शिरू बघतो. नोकरदार माणूस हे पोटासाठी करतो. आपण रजा टाकून, पदरचे पैसे घालून करतो. साडेदहानंतर निघा, असं दादरकर सांगतील, आणि ते खरंही आहे. पण मग घारापुरीला (एलिफंटा लेण्यांना) जायचं असेल तो दिवस हातातून निम्मा जातो, आणि संध्याकाळ काही चुकत नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला फोर्टात उतरलो. महालक्ष्मी सीएसएमटीलाच संपते, म्हणजे दादरसारखं दोन मिनिटांत बॅगा, पिशव्या आणि आई खाली घेण्याची धांदल नाही. सगळे उतरून गेल्यावर सावकाश उतरलो आणि चालतच लॉजवर गेलो. खोली बाराला मिळणार होती, म्हणून बॅगा काउंटरवर टाकून तोंड धुतलं आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी कान्हेरीला जायचं होतं. सकाळी साडेआठला चर्चगेटहून बोरिवली गाडीत तिघांनाही जागा मिळाली, आईला खिडकी. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत माणसं लटकलेली बघून ती हळूच म्हणाली, "मागच्या वेळी आपण त्यात होतो." उत्तरेकडच्या गाड्याही सकाळी अगदी ओस नसतात हे खरं, लोअर परळ आणि अंधेरीच्या ऑफिसांची गर्दी असतेच. पण सुटण्याच्या ठिकाणाहून चढणं आणि मधल्या स्टेशनावर घुसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. (कान्हेरी आणि घारापुरी, दोन्ही सोमवारी बंद. बेत आखताना लक्षात असू द्या.)

फोर्टाचा दुसरा फायदा मला तिथं राहिल्याशिवाय कळला नसता. तो म्हणजे दुपार. संग्रहालयात दोन तास काढले, गुडघे बोलायला लागले, की पंधरा मिनिटांत खोलीवर. तासभर डोळा लागला की उन्हं उतरल्यावर ओव्हलच्या कडेनं मरीन ड्राइव्हला. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको घरांची रांग. २०१८ साली जागतिक वारशात नोंद झाली ती याच दोन रांगांची, आणि बघायला तिकीट नाही. दादरला राहिलं की दुपारी खोलीवर जाणं जिवावर येतं, म्हणून माणूस कुठल्या तरी हॉटेलात चहावर चहा पीत बसतो. मोजमाप माझ्याकडं नाही, पण दादरच्या मुक्कामात आईच्या गुडघ्याला रोज रात्री तेल लागायचं, फोर्टात चार दिवसांत एकदाच लागलं.

उणी बाजूही सांगतो. फोर्ट हा ऑफिसांचा भाग. संध्याकाळी शटरं पडली की गल्ल्या सुन्या होतात, आणि रविवारी तर दुधाची पिशवी शोधायलाही हिंडावं लागतं. आई म्हणाली, "इथं भांडायला भाजीवाला पण नाही." त्याच पैशात खोली दादरपेक्षा लहान, इमारती जुन्या. रविवारची सकाळ मात्र तिथलीच: हॉर्निमन सर्कलच्या भोवती रस्ता मोकळा आणि इमारती मान वर करून निवांत बघता येतात. लोकलचा मेगाब्लॉक रविवारीच असतो, पण चालत फिरणाऱ्याला त्याचं काय? कुलाबा दिसायला छान, पण महाग, कॉजवेवर रात्री उशिरापर्यंत वर्दळ, आणि स्टेशन गाठायला पुन्हा टॅक्सी किंवा बस.

आता दादरवाल्यांचा हुकमी पत्ता. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, सगळी एका मार्गावर आली. मागच्या खेपेला आम्ही हुतात्मा चौकातून सिद्धिविनायकाला तीच धरली. एसी, सरकते जिने, आणि आईचा चष्मा जागच्या जागी. त्यामुळं दादरचं पारडं जड झालंय हे मान्य करावंच लागेल. ही मेट्रो आधी असती तर मी फोर्टात उतरलो असतो का, सांगता येत नाही. पण मेट्रोनं वाट सोपी केली, दुपार नाही दिली. आणि शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला.

तेव्हा नाटक, खरेदी, लग्नकार्य यांसाठी येत असाल तर बिनदिक्कत दादर. फक्त डिसेंबरचा पहिला आठवडा टाळा. सहा तारखेला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, खोली मिळणं कठीण. माझ्या बायकोचं मत आजही दादरलाच आहे आणि पुढच्या वेळी कदाचित तिचंच चालेल. पण पहिल्यांदाच मुंबई बघायला येत असाल, बरोबर म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी फोर्ट बघा, असं आपलं माझं मत.

खोली ठरवताना लॉजवाल्याला फोन करून दोनच गोष्टी विचारा. लिफ्ट चालू आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का. आमच्या लॉजची जाळीच्या दाराची लिफ्ट उत्तम चालायची, पण तिच्यापर्यंत पोचायला लाकडी जिन्याच्या बावीस पायऱ्या होत्या. आईनं मोजल्या होत्या.