कलिना की गणेशखिंड? इतिहासात एमए करू पाहणाऱ्यांसाठी

इतिहासात एमए करायचं एकदा ठरलं, की मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातल्या मुलामुलींपुढे बहुतेक वेळा दोनच नावं उरतात. कलिनाचं मुंबई विद्यापीठ आणि गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. नॅकची श्रेणी, फी, प्रवेशपरीक्षेचा अभ्यासक्रम हे सगळं तुमचं एव्हाना पाठ झालं असेल, त्यात मी शिरत नाही. 2013 साली डोंबिवलीच्या घरात बसून मीही हाच घोळ घातला होता. शेवटी पुण्याला गेलो. माझ्या प्रवेशाच्या पावतीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे आणि पदवीवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’, कारण मधल्या काळात, 2014 मध्ये, नाव बदललं. बँकेत कागद दाखवताना अजून एकदा तरी खुलासा करावा लागतो.

वयाच्या हिशेबात मुंबई 92 वर्षांनी थोरली. 1857 साली कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन विद्यापीठं निघाली, पुण्याचं 1949 साली. पण या थोरलेपणाला फार भुलू नका. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेलं ते विद्यापीठ सुरुवातीची कित्येक दशकं परीक्षा घेणारं होतं, शिकवायची ती कॉलेजं. विद्यापीठानं स्वतः विभाग काढून शिकवायला घेतलं ते बरंच उशिरा. पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राला आले ते 1919 मध्ये. पहिल्या पदवीधरांत मात्र महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर, म्हणजे पुढे ज्यांच्या नावानं महाराष्ट्र ओळखला जावा अशी माणसं. गंमत म्हणजे कलिनाला इतिहास विभाग रानडे भवनात, आणि पुणे विद्यापीठाची फर्ग्युसन रस्त्यावरची वास्तू रानडे इन्स्टिट्यूट. न्यायमूर्तींनी कुणाला नाराज केलेलं नाही.

पुण्याचं आवार 411 एकरांचं, आणि मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. बार्टल फ्रिअरच्या काळात बांधायला घेतलेलं. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव इथेच साजरा होऊन पाहुणे परतत होते, आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गाठलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोज त्याच रस्त्यानं वर्गात जायला मिळतं. याचा मार्कांना उपयोग शून्य, पण पहिल्या आठवड्यात अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

मुंबईची तोडीस तोड वास्तू फोर्टात. राजाबाई टॉवर, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं देणगी देऊन उभा केलेला, 1878 मध्ये पुरा झालेला. शेजारचं दीक्षान्त सभागृहही तसंच देखणं. 2018 मध्ये युनेस्कोनं मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही मंडळीही आली. पण तुमचे तास तिथे होणार नाहीत. तास कलिनाला, विद्यानगरीत. तिथे झाडं आहेत, मोकळी जागा आहे, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं मोठं ग्रंथालय आहे. फक्त माहितीपत्रकावरचा टॉवर वीसेक किलोमीटर लांब आहे.

माझा निर्णय झाला तो याच वीस किलोमीटरांनी.

बीए झाल्यावर एक मित्र कलिनाला जाणार होता. प्रवेश घेण्याआधी चार-पाच दिवस त्याच्याबरोबर फिरून पाहिलं. डोंबिवलीहून कुर्ला, कुर्ल्याहून शेअर रिक्षानं कलिना. इथपर्यंत ठीक, मुंबईकराला प्रवासाचं काय कौतुक! पण इतिहासाचे कागद फोर्टात. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, विद्यापीठाचं जुनं ग्रंथालय, सगळं तिथे. सकाळचा तास संपवून परत कुर्ला, तिथून सीएसएमटी, मग चालत. पोचेपर्यंत दीड-दोन वाजलेले. कुठल्याही दफ्तरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, मागवायची चिठ्ठी दिली की तो समोर यायला वेळ लागतो, ती तिथली रीतच आहे. रुमाल सोडून चार कागद वाचतो न वाचतो तोच पाचचा सुमार होतो, आणि मग डोक्यात एकच विचार: आत्ता निघालो तर गाडीत उभं राहायला तरी मिळेल. त्या पाच दिवसांत मी अभ्यास कमी केला आणि घड्याळ जास्त पाहिलं. दोष कुणाचाच नव्हता. दिवसाचे दोन तुकडे व्हायचे आणि त्यातला एकही पुरेसा नसायचा, एवढंच.

पुण्यात हा प्रश्न असा येत नाही. गणेशखिंडीतून सायकलनं निघालं की लॉ कॉलेज रस्त्यावरची भांडारकर संस्था अर्ध्या तासाच्या आत. तिथून पुढे गोखले इन्स्टिट्यूट, आणि सदाशिव पेठेत राजवाड्यांनी 1910 मध्ये सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. पेशवे दफ्तर आणि येरवड्याचं डेक्कन कॉलेज जरा लांब, तरी सकाळचा तास करून दुपार तिथे घालवता येते. संध्याकाळी परत येऊन जयकर ग्रंथालयात बसायचं, दिवसभरात उतरवून घेतलेलं ताडून पाहायचं. जयकर म्हणजे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मोडीचा हात मी इथेच, रोज थोडं-थोडं करत बसवला. रोज गाडी पकडायची असती तर बसला असता का, याची मला शंका आहे. तुमची चिकाटी माझ्याहून जास्त असू शकते.

आवारात आणखी एक सुख आहे, ते आपल्या विषयाबाहेरचं. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था इथेच, चार्ल्स कोरियांनी रचलेली. शेजारी रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र, एनसीआरए. विज्ञान दिनाला आयुका सर्वांसाठी खुली असते, तेव्हा आम्ही इतिहासवाले पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक बघत आर्यभटाच्या पुतळ्यापाशी तासभर रेंगाळायचो. संध्याकाळी चहा प्यायला बसलं की समोर कोण बसेल याचा नेम नसतो. एका रेडिओ खगोलशास्त्र शिकणाऱ्या मुलानं मला स्रोत तपासण्याबद्दल जे ऐकवलं, ते मी पुढे प्रबंधात वापरलं.

आता पुण्याची उणी बाजू. आवार इतकं पसरलेलं की सायकल नसेल तर पावसाळ्यात हाल. बाहेरच्या चौकातल्या कोंडीबद्दल पुणेकरच पुरेसं बोलतात. वसतिगृहाच्या जागा दोन्हीकडे मोजक्या, तेव्हा खोलीचं भाडं धरूनच हिशेब करा. मुंबईत घर असेल तर हे भाडं वाचतं, आणि ती रक्कम लहान नसते. माझ्या घरच्यांनी दोन वर्षं ती सोसली म्हणून मी हे शहाणपण सांगतोय.

आणि विषय. गिरण्या, बंदर, व्यापार, इलाख्याचा कारभार, यांवर काम करायचं असेल तर कागद मुंबईतच आहेत, पुण्यात बसून ते उगवत नाहीत. माझ्या प्रबंधासाठी मलाही फोर्टात जावं लागलं. सकाळी 7.15 ची डेक्कन क्वीन पकडायची, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरायचं आणि दिवसभर एका जागी बसायचं. विचित्र वाटेल, पण पुण्याहून येऊन मी फोर्टात जेवढं वाचलं, तेवढं कलिनाहून जाऊन वाचलं नव्हतं. त्या दिवशी तास नसायचा, हेच काय ते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या वेळी भुयारी मेट्रो नव्हती. 2025 पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, सांताक्रूझला बसून हुतात्मा चौकात उतरता येतं. माझी जी तक्रार होती तिची निम्मी धार त्यानं गेली असावी. उरलेली निम्मी तुमचं घर कुठे आहे त्यावर अवलंबून. अंधेरीचा मुलगा आणि बदलापूरची मुलगी यांना मी एकच उत्तर देणार नाही. मराठेशाही, मोडी, जुनी हस्तलिखितं असं काही डोक्यात असेल तर मात्र मला विचारायचीही गरज नाही, सरळ गणेशखिंड.

मावसबहीण यंदा याच पेचात आहे. राहायला विलेपार्ल्याला, विषय गिरणगाव. तिला मी कलिना सांगितलं, जरा जिवावर आलं तरी. फॉर्म मात्र दोन्हीकडचा भरायला लावलाय, आणि जूनमध्ये एकदा माझ्याबरोबर पुण्याला येऊन सायकलवरून चक्कर मारायचं कबूल करून घेतलंय.