अकरा महिने, पंचवीस नमुने: घोडीचा गाभ लिदीवरून तपासण्याचा अनुभव

मागच्या खेपेला माझ्या घोडीचा गाभ गेला आणि ते मला पाचव्या महिन्यात कळलं. 80व्या दिवशी केलेली रक्ततपासणी तर 'गाभण' म्हणाली होती. नंतर डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. साधारण 35 ते 40 दिवसांच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात काही वाटीसारख्या गाठी तयार होतात आणि 'ईसीजी' नावाचं हार्मोन सोडतात. एकदा त्या रुजल्या की गर्भ मेला तरी 120 दिवसांपर्यंत त्यांचं काम चालू राहू शकतं. तपासणी चुकली नव्हती, ती गाठींची खबर देत होती. मला खबर हवी होती शिंगराची.

म्हणून या वेळी लिदीतल्या इस्ट्रोजेनकडे वळले. दुसऱ्या महिन्यानंतर घोडीच्या शरीरात जे इस्ट्रोजेन भराभर वाढतं, त्याचा कच्चा माल गर्भाच्या जननग्रंथी पुरवतात आणि वार त्याचं इस्ट्रोजेन करते. दोघांपैकी एकही थांबलं तर उत्पादन कोसळतं. म्हणजे हे हार्मोन जिवंत गर्भाची साक्ष देतं. दुसरं कारण माझ्या घोडीचा स्वभाव. सुई पाहिली की ती मागचे पाय झाडते आणि गुदमार्गातून सोनोग्राफी करायची तर गुंगी द्यावी लागते. दर पंधरा दिवसांनी तिला त्यातून नेणं मला पटेना.

तरी 15व्या आणि 28व्या दिवशी गुंगी देऊन सोनोग्राफी केलीच. याला पर्याय नाही. जुळं आहे का, हे कुठलंही हार्मोन सांगत नाही, आणि घोडीला जुळं म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही गर्भ जाण्याचा धोका. ही तपासणी टाळण्यासाठी कोणी लिदीची पद्धत निवडत असेल, तर कृपा करून तसं करू नका.

नमुने 60व्या दिवसापासून सुरू केले. 300व्या दिवसापर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग आठवड्याला एक. काम दिसायला सोपं आहे, पण सवय लागायला महिना गेला. लीद घोडीने टाकल्याटाकल्या उचलायची. तीन-चार गोळे फोडून आतला भाग घ्यायचा, नीट कालवायचा, डबीवर तारीख आणि गाभाचा दिवस लिहायचा आणि लगेच फ्रीझरमध्ये, उणे 20 अंशाला. बाहेर राहिली तर जिवाणू हार्मोनचं रूप बदलत राहतात आणि आकड्याला अर्थ उरत नाही. मुताने भिजलेली लीद घ्यायची नाही. आमच्याकडे शेजारच्या ठाणावर वळू घोडा आहे, त्यामुळे मी जास्तच जपले: वळूच्या मुतातही इस्ट्रोजेन भरपूर असतं. कुरणात पडलेल्या लिदीवर 'ही हिचीच असेल' असा अंदाज मी कधीच केला नाही. सकाळी खरारा करताना ती हमखास लीद टाकते, तीच वेळ ठरवून घेतली.

आता निकालांविषयी. 60 ते 105 दिवसांतले इस्ट्रोजेनचे आकडे जवळजवळ सपाट आले. या काळात लीद विश्वासाने काहीच सांगत नाही आणि तेच दिवस मला सर्वांत जड गेले. 120व्या दिवशी रेघ उचलली. 150व्या दिवशी शंकेला जागाच उरली नाही. तो निकाल हातात घेऊन मी ठाणावर गेले आणि बराच वेळ तिच्या मानेला टेकून उभी राहिले.

180व्या दिवशी मात्र पोटात गोळा आला. इस्ट्रोजेन आणि त्यासोबत मोजलं जाणारं प्रोजेस्टोजेन (गाभ टिकवणाऱ्या हार्मोनांचा गट), दोन्ही जवळजवळ निम्म्यावर. डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: लीद कशी होती? पातळ होती. नवीन हिरवं गवत सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि लॅब ओल्या वजनावर आकडा काढत होती. पाणी वाढलं की दर ग्रॅमला हार्मोन कमी दिसणारच. दोन्ही हार्मोन एकाच प्रमाणात उतरले होते, हाही त्याच दिशेचा इशारा होता. तीन दिवसांनी घट्ट लिदीचा नमुना दिला, तर आकडे पुन्हा जागेवर. तेव्हापासून नमुना वाळवून, सुक्या वजनावरच मोजा, असं लॅबला लिहून दिलं. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लॅबने विचारायलाही हवं होतं.

प्रोजेस्टेरॉनबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. गाभाच्या उत्तरार्धात घोडीच्या रक्तात मूळ प्रोजेस्टेरॉन नगण्य असतं. साधारण चौथ्या महिन्यापासून गाभ टिकवण्याचं काम बीजकोशाकडून वारेकडे जातं, आणि वार त्याची भावंडं, म्हणजे प्रोजेस्टोजेन बनवते. लिदीत तर यकृतातून आणि आतड्यातून बदलून आलेले अवशेषच सापडतात. त्यामुळे फक्त प्रोजेस्टेरॉन ओळखणारी तपासणी इथे फसवते. तुमची लॅब हा सगळा गट मोजते का आणि तिने घोड्याच्या लिदीवर पद्धत पडताळली आहे का, हे आधी विचारा. गाभ टिकवण्याचं औषध चालू असेल तर तेही सांगा.

मी सातव्या महिन्यात मूत्रही करून पाहिलं. नवा पेंढा अंथरला की घोडी बहुधा लगेच मुतते, तेव्हा लांब दांड्याला बांधलेलं भांडं पुढे करायचं. मूत्र पातळ की दाट यावरून आकडा बदलतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन, म्हणजे शरीर बऱ्यापैकी ठरावीक प्रमाणात मुतात टाकतं तो पदार्थ, मोजावं लागतं. गाभण घोडीच्या मुतात इस्ट्रोजेन विपुल असतं हे संशोधक झोंडेक यांनी 1930 मध्येच दाखवलं होतं, आणि अमेरिकेतल्या असॅटीग बेटावरच्या रानटी घोड्यांचा गाभ त्यांना न पकडता मुतावरून ओळखला गेला तो याच आधारावर. पद्धत उत्तम. पण भांडं पाहून माझी घोडी मुतणं रोखून धरायला लागली, तेव्हा मी ते बंद केलं. तिला त्रास होऊ नये म्हणून तर हे सगळं चाललं होतं.

225व्या दिवशी इस्ट्रोजेन सर्वांत वर गेलं आणि मग हळूहळू उतरू लागलं. इथे घाबरू नका. गर्भाच्या जननग्रंथी या सुमारास कमाल मोठ्या होतात आणि पुढे लहान होत जातात, त्यामुळे हा उतार नैसर्गिक आहे. मला हे आधीच माहीत होतं, म्हणून नववा महिना शांत गेला. काळजी करायची ती अचानक कोसळण्याची, किंवा दिवस भरायला बराच अवकाश असताना प्रोजेस्टोजेन चढू लागलं तर. ते वारेला संसर्ग झाल्याचं लक्षण असू शकतं.

शेवटच्या तीन आठवड्यांत प्रोजेस्टोजेन अपेक्षेप्रमाणे चढलं. विण्याआधी एक-दोन दिवस ते झपकन खाली येतं, पण ते लिदीत पकडायची आशा मी ठेवली नाही. लीद एक-दोन दिवसांपूर्वीची गोष्ट सांगते आणि लॅबचा निकाल यायला मला आठवडा लागे. त्यामुळे तातडीच्या प्रसंगी ही पद्धत कामाची नाही. विण्याची वेळ कासेनेच सांगितली: आचळांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले आणि दुसऱ्या रात्री, 341व्या दिवशी, शिंगरू झालं. वार पूर्ण पडली. पिल्लू तासाभरात उभं राहिलं.

व्यायल्यानंतर दोन नमुने दिले. दुसऱ्यात इस्ट्रोजेन 60व्या दिवसाच्या पातळीवर परत आलं होतं. खरं तर तुलनेसाठी घोडी भरवण्याआधीचेच दोन-तीन नमुने घ्यायला हवे होते, म्हणजे तिची स्वतःची मूळ पातळी हाताशी असती आणि ते 60 ते 105 दिवस थोडे हलके गेले असते. पुढच्या खेपेच्या डब्या मी आताच फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.