पोर्टलंडचा ‘युनिव्हर्सिटी स्टडीज’: सामान्य शिक्षणाची धाडसी मांडणी

अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाने १९९४ साली सामान्य शिक्षणाची, म्हणजे मुख्य विषयाखेरीज सर्व विद्यार्थ्यांना शिकाव्या लागणाऱ्या अभ्यासक्रमांची, विषयवार यादी बाजूला ठेवून ‘युनिव्हर्सिटी स्टडीज’ हा चार वर्षांचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्याची रचना पाहता तो निर्णय मला अत्यंत मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षी निरनिराळ्या शाखांच्या अध्यापकांनी मिळून आखलेल्या एकाच व्यापक विषयावर विद्यार्थी वर्षभर काम करतात. मुख्य वर्गाला जोडून लहान गटांच्या बैठका होतात आणि त्या वरच्या वर्गातील प्रशिक्षित विद्यार्थी-मार्गदर्शक घेतात. नवख्या मुलांना विद्यापीठात रुजवणारी ही सोय सर्वांत उत्तम आहे. शेवटच्या वर्षाच्या सहा श्रेयांकांच्या कॅपस्टोनमध्ये, म्हणजे समारोपाच्या अभ्यासक्रमात, वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी शहरातील एखाद्या संस्थेसोबत प्रत्यक्ष प्रकल्प करतात. मधला टप्पा मात्र मला सैल वाटतो, कारण त्यातील विषयसमूहांचे, म्हणजे एका सूत्राभोवती जुळवलेले, अभ्यासक्रम वेगवेगळ्या विभागांकडे जातात आणि पहिल्या वर्षाची वीण तेथे टिकवणे अवघड होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अन्य शाखांचे विषय वेळापत्रकात बसवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी, अध्यापकांना एकत्र बसून अभ्यासक्रम आखण्यासाठी कामाच्या तासांतच हक्काचा वेळ द्यावा.